सुईदोऱ्याची हजेरी

पडदा वर जातो.

घराच्या मागच्या अंगाची एक खोली. उजवीकडे दार काढून ठेवलेला फ्रीज, त्याच्या पोटातल्या नळ्या बाहेर लोंबताहेत. मधोमध लांब टेबल. त्यावर पाने, पकडी, स्क्रूंनी भरलेल्या बरण्या, आणि या सगळ्या पसाऱ्यात पंगतीला आलेल्या व्याह्यासारखा स्वच्छ, पुसलेला एक काळा डबा. हा सिटिझन बँड रेडिओ, लोकांनी आपसात बोलायचा. समोर आकड्यांची इवलीशी खिडकी, टेबलाच्या कडेला हुकावर लटकलेला माइक, त्याची गुंडाळीची वायर. मागून निघालेली दुसरी वायर भिंतीतल्या भोकातून थेट गच्चीवर, गच्चीवर उंच अँटेना आणि अँटेनावर एक कावळा. प्रकाश संध्याकाळचा. खुर्चीत एक माणूस बसला आहे. तो काही करत नाही. रंगमंचावर असा माणूस दिसला की प्रेक्षक सावरून बसतात, आता काहीतरी होणार म्हणून. इथे मात्र तो बरेच दिवस असाच बसतोय, आणि काही होत नाही.

हा थंडोबा. खरं नाव लाइटच्या बिलावर आहे, तिथेच राहू दे. उभा जन्म लोकांचे फ्रीज दुरुस्त करण्यात गेला, त्यातून स्वभाव असा की घराला आग लागली तरी आधी चप्पल शोधेल. रेडिओवरच्या मंडळींनी हे नाव ठेवलं आणि त्याने ते निमूटपणे अंगाला लावून घेतलं. तिथे खऱ्या नावाने कोणी बोलतच नाही. बसचा निवृत्त कंडक्टर तिथे डबलबेल. दातांचा डॉक्टर दाढ. मंडईत भाजीचा ट्रक आणणारी आणि कसल्याही चिंचोळ्या बोळात तो उलटा घालून दाखवणारी बाई म्हणजे रिव्हर्स. एके काळी गावात अशी नावं ढिगाने होती. गॅरेजात, दुकानांत, टॅक्स्यांत जिकडेतिकडे हे काळे डबे. मग लोकांच्या खिशात फोन आले आणि डबे माळ्यावर गेले. मूठभर माणसांनी मात्र ते काही सोडले नाहीत.

"अहो, खिशात फोन असताना हे काय?" असं कोणी विचारलं की थंडोबा नुसता हसायचा. दाढ समजावून सांगायचा, "फोनवर आपल्याला हवा त्याच्याशी बोलायचं. इथे जो असेल त्याच्याशी. भूक वेगळी आहे ती." रिव्हर्सचं उत्तर त्याहून सोपं. "फोनवर नवरा असतो. इथे नसतो."

रेडिओचं शास्त्र तसं सोपं आहे. माइकचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दाबलेलं असेपर्यंत आपल्याला दुसऱ्याचा शब्द ऐकू येत नाही, आणि दोघांनी एकदम दाबलं तर ऐकणाऱ्याच्या कानात नुसती शिट्टी. त्यामुळे माणसाला आपसूक वळण लागतं. आपलं संपल्याशिवाय दुसऱ्याचं सुरू होत नाही. थंडोबाचं म्हणणं, हे वळण घराघरांत लावलं असतं तर निम्मी कोर्टं ओस पडली असती.

आता राहिली ती सुईदोरा. ही थंडोबाची बायको. बाजारपेठेत तिचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि यंत्राच्या शेजारी फळीवर रेडिओ. लग्नाच्या आधी दोघांची ओळख झाली ती या डब्यांतूनच. तो आपल्या व्हॅनमधून बोलायचा, ती दुकानातून. पुढे प्रत्यक्ष भेटायचं ठरलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली. "आवाज केवढा भरदार, मला वाटलं दारातून वाकून येईल," असं ती पुढे सगळ्यांना सांगायची, "आणि बघते तर काय, हँगरला शर्ट अडकवल्यासारखा माणूस." म्हणायची आणि त्याचा सदरा खांद्यावर सारखा करायची.

भांडणं व्हायची. तिचा अबोला आठवडाभर टिकायचा, कधी जास्तही. पण अबोला घरापुरता. सकाळी दुकान उघडलं की चॅनलवर तिचा आवाज यायचा, "कोणीतरी थंडोबाला सांगा, जिन्याखालची टाकी वाहतेय." लगेच दाढ रुग्णाच्या तोंडातलं हत्यार बाजूला ठेवून म्हणायचा, "थंडोबा, टाकी वाहतेय म्हणे." थंडोबा व्हॅनमधून, "कोणीतरी तिला सांगा, बघतो." अख्खं चॅनल निरोप्या व्हायचं. दोन-चार निरोपांनंतर तिलाच हसू फुटायचं आणि अबोला तिथेच, सगळ्यांच्या साक्षीने संपायचा. घरात समोरासमोर बसून दोघांनी मिटवलं असेल असं एकही भांडण थंडोबाला आठवत नव्हतं.

रोज संध्याकाळी चॅनलवर हजेरी व्हायची. हजेरी घेणार डबलबेल. ओळीने सगळी नावं त्याला तोंडपाठ. त्याने नाव पुकारायचं, त्या माणसाने "हजर" म्हणायचं, कोणी नसेल तर थोडं थांबून पुढचं नाव. हजेरी चालू असताना मधे तोंड घालायचं नाही, हा डबलबेलचा कडक नियम. तो मोडायची ती फक्त सुईदोरा. "अहो डबलबेल, आवाज बसलाय का तुमचा? मिठाच्या गुळण्या करा." डबलबेल चिडायचा, पुन्हा पहिल्या नावापासून सुरू करायचा. थंडोबा मात्र इतक्या वर्षांत एकदाही मधे बोलला नव्हता.

आणि एक रिवाज होता. कोणी गेलं, तरी त्याचं नाव हजेरीतून आपणहून काढायचं नाही. पुकारत राहायचं. नावानंतर थोडं थांबायचं आणि पुढे जायचं. त्याच्या घरच्या कोणीतरी स्वतः रेडिओवर येऊन "नाव उतरवा" असं म्हटलं, की मगच ते उतरायचं. पेट्रोल पंपावरचा एक गडी गेला तेव्हा त्याची बायको, जिने जन्मात कधी माइक हातात धरला नव्हता, येऊन हे दोन शब्द बोलून गेली होती. त्या दिवशी बाकीच्या कोणी हजेरीनंतर गप्पा मारल्या नव्हत्या.

सुईदोरा गेली. आजारपण लहानसं होतं, निरोप त्याहून लहान. थंडोबा हॉस्पिटलातून घरी आला, हात धुतले, जेवला. दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या शेजारणीने डोळे पुसत पुसत सांगितलं की त्यांचा फ्रीजही कालपासून गार करत नाही, तेव्हा त्याला सुटल्यासारखं झालं. हत्यारांची पेटी घेऊन तो त्यांच्याकडे गेला. लोक म्हणाले, धीराचा माणूस. त्याला ठाऊक होतं, यात धीर वगैरे काही नाही. चहा गार झालेला कळत नव्हता. एकदा गरम नळीला बोट लागलं, तर ते लाल होईपर्यंत तो त्याच्याकडे बघत राहिला, जणू ते कोणा गिऱ्हाइकाचं बोट आहे.

"कसं वाटतंय?" दाढने रेडिओवर विचारलं होतं.

"तू इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तसं," थंडोबा म्हणाला. "आहे आपलाच. पण चावला तरी कळायचं नाही."



दिवसभरात एकच क्षण थोडा निराळा असायचा. संध्याकाळी डबलबेल पुकारायचा, "थंडोबा?" तो म्हणायचा, "हजर." मग, "सुईदोरा?" आणि मग ती थांबलेली जागा. फार नाही, माणूस सुईत दोरा ओवेल एवढीच. त्या जागेत खरखर ऐकू यायची. थंडोबाचा अंगठा माइकच्या बटणावर असायचा. तो बटण दाबत नसे. पण तेवढा वेळ अंगठा त्याला आपला वाटायचा. मग डबलबेल म्हणायचा, "दाढ?" आणि ते संपायचं.

मुलगी आली ती याच वेळेला. ती दुसऱ्या गावी एका शाळेच्या कचेरीत कामाला होती. आईचं दुकान रिकामं करायचं होतं, म्हणून सुट्टी काढून आलेली. बॅग ओसरीत टाकून ती मागच्या खोलीत आली, आणि नेमकं तेव्हाच डब्यातून आवाज आला, "सुईदोरा?"

ती दारातच थबकली. खरखर. मग, "दाढ?" "हजर."

"हे काय आहे, बाबा?"

"हजेरी."

"ती कळली मला. आईचं नाव का घेतात?"

त्याने रिवाज सांगितला. ती खाली बसली. रडली. थोड्या वेळाने नाक पुसून म्हणाली, "रोज?"

"रोज."

"आणि तुम्ही रोज बसून ऐकता?"

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. तिला बहुधा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हवं होतं. तिथे काही नव्हतं. जेवताना त्याने तिला विचारलं, तुझा फ्रीज नीट चाललाय ना? दारालगतचं रबर बघत जा.

दुसऱ्या दिवशी रिव्हर्सच्या ट्रकमधून दुकानातलं सामान घरी आलं. कापडांचे तागे, लाकडी पट्ट्या, वजनदार इस्त्री, आणि शिवणयंत्र, त्याच्या लोखंडी पायडलसकट. हमाल ते सगळं खोलीत टाकून गेले. दुपारी बापलेक ते लावायला बसले. मुलीने तागे उचलून रेडिओच्या पुढ्यात रचले. यंत्र दोघांनी ढकलत आणून टेबलाला अगदी चिकटवलं. त्याचं लाकूड हुकावरच्या माइकला टेकलं आणि बटण मधल्यामधे दाबलं गेलं.

ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मुलीचं जाऊ दे, पण थंडोबाच्या तरी यायला हवं होतं. बटण दाबलं की खरखर बंद होते आणि लाल दिवा लागतो. दिवा ताग्यांच्या मागे गेला होता. खरखर थांबली, तेव्हा त्याला एवढंच वाटलं की घर आणखी थोडं गप्प झालं. हल्ली ते होतच असतं.

तर अशा रीतीने थंडोबाचं घर चॅनलवर गेलं. कुकरच्या शिट्ट्या, मुलीच्या बांगड्या, "बाबा, ही विजार कशाला ठेवलीय, पोतेरं तरी बरं," त्यावर थंडोबाचं, "घरात घालायला," आणि तिचं, "घरात आहे कोण बघायला? नाही, म्हणजे..." हे सगळं गावावरून वाहत गेलं.

मग ती मापाची टेप हातात गुंडाळत म्हणाली, "बाबा, एक सांगू? ते नाव बंद करायला सांगा."

"हं."

"हं नाही. रोज कोणीतरी तिला हाक मारायची आणि तिने ओ द्यायची नाही. तुम्ही त्या खुर्चीतून हलणार कधी? एकदा रडा, ओरडा, काहीतरी करा. मी तिकडे गेल्यावर मला झोप यायची नाही."

"बरं."

"काय बरं? काय म्हणायचं असतं ते?"

"नाव उतरवा."

"मग म्हणा."

"म्हणतो."

"म्हणजे कधी?"

तो पट्ट्यांची मोळी बांधत होता. गाठ नीट बसत नव्हती. बोलणं लवकर संपावं एवढीच त्याची इच्छा होती. "म्हणतो ना. नाव उतरवा. झालं?" तो म्हणाला. "सुईदोऱ्याचं नाव उतरवा. असं म्हणतो."

"शहाणे माझे बाबा," असं म्हणून ती चहा टाकायला गेली.

संध्याकाळ झाली. थंडोबा खुर्चीत बसला. डबा गप्प. मुलगी दारात उभी राहून वाट बघत होती, बाप काय बोलतो ते ऐकायला. डबा गप्पच. बराच वेळ गेला. थंडोबाला वाटलं, मंडळींनी हजेरी बंद केली असेल. सगळंच कधीतरी बंद होतं. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही.

तेवढ्यात पुढच्या दारावर धाडधाड थापा पडल्या. मुलीने दार उघडलं. कमरेला ओढणी खोचलेली एक धिप्पाड बाई धापा टाकत उभी.

"कोण आपण?"

"रिव्हर्स."

"काय?"

"अहो रिव्हर्स! सकाळी तुमचं सामान आणलं ते माझ्याच गाडीतून. सरका, सरका. काका! बटण! तुमचं बटण अडकलंय!"

ती तडक मागच्या खोलीत घुसली, यंत्राला एकटीने असा हिसडा दिला की ते हातभर मागे आलं. माइक सुटला. डब्यातून खरखर उसळून बाहेर आली.

"दुपारपासून चॅनल अडवून बसलाय तुम्ही," रिव्हर्स म्हणाली. "तिकडून आम्ही घसा फोडतोय, तुम्हाला काय कप्पाळ ऐकू येणार? फोन लावला तर तो बंद."

"चार्ज नाही केला," थंडोबा म्हणाला.

"कधीपासून?"

त्याने माइक हुकाला परत अडकवला. मुलीचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. "म्हणजे... आम्ही बोललो ते सगळं..."

"नाही हो ताई," रिव्हर्सचा आवाज एकदम खाली आला. "आमच्यात तसं ऐकत नाहीत. कुणाचं बटण अडकलं की बाकीच्यांनी दुसऱ्या चॅनलवर जायचं. एकट्याने मागे थांबायचं, मोकळं झालं की सांगायला. डबलबेल थांबला होता. तो विहीर आहे हो विहीर, आत गेलेलं वर येत नाही."

"विजारीचंही त्याने ऐकलं असेल," थंडोबा म्हणाला.

आई गेल्यापासून बापाने केलेला हा पहिला विनोद. मुलगी हसायला गेली आणि ते अर्ध्यातच अडलं.

ताग्यांच्या मागून डबा बाहेर काढला. रिव्हर्स जायला वळली होती, पण हजेरीपुरती टेकली, ताग्यांवरच. डबलबेलचा आवाज आला. रोजच्यापेक्षा जरा जपून, काचेचं सामान उचलावं तसा.

"चॅनल मोकळं झालं. हजेरी घेतोय. उशीर झाला, कोणी काही विचारू नये. रिव्हर्स?"

रिव्हर्सने थंडोबाचा माइक घेतला. "हजर. थंडोबाच्या घरून." आणि परत त्याच्या हातात दिला.

"थंडोबा?"

"हजर."

"दाढ?"

"हजर," दाढ म्हणाला.

मधलं नाव आलंच नाही. रिव्हर्सने मुलीकडे पाहिलं, मुलीने बापाकडे. तिला कळायला वेळ लागला नाही. घरच्या माणसाने चॅनलवर यायचं आणि ते दोन शब्द बोलायचे. घरचा माणूस बोलला होता. दुपारी, गाठ मारता मारता, अख्ख्या गावावरून. डबलबेलने कंडक्टरकीत कधी कुणाला नियम सोडून उतरवलं नव्हतं. त्याने ते ऐकलं आणि जसं बोललं गेलं तसं केलं. कोणाला काही न सांगता, गाजावाजा न करता, थंडोबाला पुन्हा बोलायला लागू नये म्हणून.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "झालं. तुम्हाला म्हणायलाही लागलं नाही."

थंडोबा ऐकत होता. दाढच्या पुढे दोन नावं होती, त्यांतलं एक पुकारून झालं. सगळं नेहमीसारखंच चाललं होतं, जरा भरभर. नावाला नाव चिकटून येत होतं, मधे कुठे जागा नव्हती. माइकवर अंगठा होता, त्याला मुंग्या आल्या होत्या, आणि त्या मनगटातून वर कोपरापर्यंत चढत होत्या. पायावर बसून राहिल्यावर पाय जागा व्हायला लागतो तसं काहीतरी, पण वाईट, फार वाईट. त्याने माइक दोन्ही हातांनी धरला.

"काय होतंय, काका?" रिव्हर्स उठली.

मुलगी त्याच्याजवळ आली. त्याच्या खांद्यावर सदरा एका बाजूला उतरला होता. तिने तो सारखा करायला हात पुढे केला आणि मधेच थांबवला. मग ती खाली, त्याच्या गुडघ्याशी बसली आणि म्हणाली, "बाबा, नसेल म्हणायचं तर राहू दे. मी नाही मागे लागणार."

डब्यातून शेवटचं नाव पुकारलं गेलं. "हजर." डबलबेलने श्वास घेतलेला ऐकू आला, हजेरी पूर्ण झाल्याचं सांगायच्या आधी तो नेहमी घेतो तसा.

थंडोबाने बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"डबलबेल, मधे बोलतोय, रागावू नकोस," तो म्हणाला. "एक नाव राहिलं."